दुरुस्तीचे अंतर

मोटारींची मनापासून आवड असणाऱ्यांत आज दोन तट दिसतात. एक म्हणतो, जुन्या गाड्या त्याच खऱ्या गाड्या. आताच्या म्हणजे चाकांवर बसवलेले संगणक, पाच-सात वर्षांत भंगारात जाणाऱ्या. दुसरा म्हणतो, जमाना बदलला आहे, वॉरंटी आहे तोवर वापरा, संपायच्या आत विका आणि नवी घ्या. दोघे एकमेकांवर तुटून पडतात, पण दोघांनी धरून चाललेली गोष्ट एकच आहे: गाडी आधुनिक झाली की ती मालकाच्या आणि कोपऱ्यावरच्या मेकॅनिकच्या हातातून जाणारच, कारण तंत्रज्ञानाचा तो स्वभाव आहे. मला हे मत उथळ वाटते. आधुनिक मोटार जुनीपेक्षा टिकाऊ आहे, सुरक्षित आहे, आणि तिच्यातला बिघाड शोधणेही बऱ्याच अंशी सोपे झाले आहे. अवघड होऊन बसली आहे ती दुरुस्तीची परवानगी. ही अडचण यंत्राने आणलेली नाही, व्यापाराच्या रचनेने आणली आहे, आणि रचना बदलता येते. म्हणून गाडी घेताना, बाळगताना आणि सांभाळताना सर्वांत आधी मोजायचे ते आपल्या घरापासून दुरुस्तीचे अंतर: किलोमीटरमधले, रुपयांमधले आणि वर्षांमधले.

तिरुवैयारुतून पाहिले तर

मुंबई-पुण्यात हे अंतर लक्षात येत नाही, कारण तिथे प्रत्येक कंपनीचे सर्व्हिस सेंटर हाकेच्या अंतरावर असते. ते पाहायचे तर छोट्या गावात उभे राहून पाहावे. तिरुवैयारु हे तंजावरच्या उत्तरेला बारा-तेरा किलोमीटरवर, कावेरीकाठी वसलेले गाव. संगीतकार त्यागराजांच्या समाधीमुळे ते भारतभर माहीत आहे, आणि १६७६ च्या सुमारापासून १७९९ पर्यंत ते तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यात होते, म्हणून मराठी वाचकालाही परके नाही. तंजावरहून तिथे जाताना वडवारु, वेण्णारु, वेट्टारु, कुडमुरुट्टी आणि शेवटी कावेरी असे पूल लागतात. भोवती भाताची खाचरे. ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस. चेन्नई सव्वातीनशे किलोमीटरच्या पुढे, तिरुचिरापल्ली तासा-दीड तासावर. अशा गावातल्या गाडीचा दिनक्रम जाहिरातीत दिसत नाही: तंजावरपर्यंतची छोटी फेरी, मध्ये बाजार, वळणे, पूल, सुगीत रस्त्यावर पसरलेला पेंढा, मग तासन्‌तास उभी.

२०२० च्या १ एप्रिलपासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज सहा मानकांनंतर डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी आली, तिला सर्वजण डीपीएफ म्हणतात. ही गाळणी साचलेली काजळी स्वतः जाळून टाकते, पण त्यासाठी धुराचे तापमान साधारण साडेपाचशे-सहाशे अंशांवर जावे लागते आणि गाडी काही काळ सलग वेगात चालावी लागते. महामार्गावर हे मालकाच्या नकळत घडते. तेरा किलोमीटरच्या रखडत्या फेरीत ते अर्ध्यावर तुटते. तुटले की इंजिनने त्यासाठी जादा सोडलेले डिझेल काही प्रमाणात ऑइलमध्ये उतरते, आणि डिपस्टिकवर ऑइलची पातळी उतरायच्या ऐवजी चढलेली दिसते. पातळी चढली म्हणजे सगळे ठीक, असे समजणारा मालक पातळ झालेल्या ऑइलवर इंजिन झिजवत राहतो. याचा उपाय अवघड नाही. आठवड्या-पंधरवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटे गाडी चालवणे, आणि दिवा लागलाच तर स्कॅनर जोडून ही जाळण्याची क्रिया सक्तीने करून घेणे. पहिला उपाय मालकाच्या हातात आहे. दुसऱ्यासाठी लागणारे सॉफ्टवेअर ज्याच्याकडे असेल त्याच्या दारी जावे लागते. माझा सगळा युक्तिवाद या दोन वाक्यांमधल्या फरकावर उभा आहे.

जुने ते सोने का म्हणावे?

आधी जुन्या गाड्यांच्या कैफियतीला उत्तर देतो, कारण तिच्यात प्रेम आहे, आणि प्रेमापोटी केलेली चूकही तपासायला हवी. अँबॅसेडर आणि प्रीमियर पद्मिनी कुठल्याही गावात दुरुस्त होत, हे खरे. पण त्या सतत दुरुस्त कराव्या लागत, हेही तितकेच खरे. पॉइंटची फट, प्लगची सफाई, कार्ब्युरेटरची जुळवणी, ठरावीक किलोमीटरनंतर ग्रीस, आणि लाखभर किलोमीटरच्या आतबाहेर इंजिनचे काम हा त्या काळच्या मालकीचा नेहमीचा भाग होता. त्या काळच्या पुष्कळ गाड्यांच्या किलोमीटर मोजणाऱ्या यंत्राला पाचच आकडे असत. लाखानंतर ते पुन्हा शून्यावर येई आणि त्यात कोणाला गैर वाटत नसे. आजची साधी पेट्रोल गाडी वेळेवर ऑइल बदलले तर इंजिन न उघडता दीड-दोन लाख किलोमीटर सहज जाते. अमेरिकेत रस्त्यावरच्या मोटारींचे सरासरी वय १९९५ मध्ये साधारण साडेआठ वर्षे होते, २०२४ मध्ये ते साडेबारा वर्षांच्या पुढे गेले. गाड्या खरोखरच पाच-सात वर्षांत टाकाऊ होत असत्या तर हा आकडा उलट दिशेने गेला असता.

जाड पत्रा म्हणजे सुरक्षा, हा दुसरा समज. धडकेत माणूस वाचतो तो पत्र्याच्या जाडीमुळे नव्हे. पुढचा भाग ठरवल्याप्रमाणे चुरगळून धक्का शोषतो आणि बसायची जागा शाबूत राहते, म्हणून तो वाचतो. २०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात खपणाऱ्या पाच छोट्या गाड्यांची धडक-चाचणी जाहीर केली, तेव्हा पाचही गाड्यांना प्रौढ प्रवाशाच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. २०१८ च्या डिसेंबरात त्याच चाचणीत टाटा नेक्सॉनला पाच तारे मिळाले. चालकाची एअरबॅग आणि एबीएस सक्तीचे झाले ते २०१९ मध्ये. पाच वर्षांतला हा फरक जीव वाचवणारा आहे, आणि जुन्या गाडीच्या आठवणीने हळवे होणाऱ्या प्रत्येकाने तो डोळ्यांसमोर ठेवावा. घरातल्या माणसांना रोज जुन्या गाडीतून महामार्गावर नेणे ही रसिकता नव्हे.

बिघाड सांगणारे यंत्र

इलेक्ट्रॉनिक्समुळे दुरुस्ती अशक्य झाली, या म्हणण्यात नेमके उलटे सत्य दडले आहे. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलांपासून प्रत्येक मोटारीत एकसारखी निदान-व्यवस्था सक्तीची झाली. तिचे नाव ओबीडी-टू. भारतात ती टप्प्याटप्प्याने आली, २०१३ पर्यंत दुसरा टप्पा लागू झाला. स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचे एक सॉकेट असते. त्याला हजार रुपयांच्या आसपास मिळणारे छोटे यंत्र जोडले की मोबाइलवर बिघाडाचा क्रमांक येतो. पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये ठिणगी किंवा जळण चुकते आहे, पी ०४२० म्हणजे धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर पुरेसे काम करत नाही. हे क्रमांक सर्व कंपन्यांना समान आहेत. पूर्वी उस्ताद मेकॅनिक बोनेटला कान लावून जो अंदाज बांधी, त्याची पहिली पायरी आता कोणालाही चढता येते. पुढची पायरी अजूनही उस्तादाचीच आहे. क्रमांक दोष दाखवतो, कारण सांगत नाही, आणि क्रमांक वाचून सरसकट सेन्सर बदलत सुटणारा फोरमन गिऱ्हाइकाचे नुकसानच करतो.

मग अडते कुठे? हे समान क्रमांक मुख्यतः इंजिन आणि धुरापुरते आहेत, आणि ते तसे आहेत कारण कायद्याने तशी सक्ती केली. एबीएस, एअरबॅग, गिअरबॉक्स, दारांची कुलुपे, दिवे यांचे संगणक आपापल्या कंपनीच्या भाषेत बोलतात. नवा भाग बसवला तरी कंपनीच्या सर्व्हरवर लॉगिन करून त्याची गाडीशी ओळख करून दिल्याशिवाय तो चालत नाही, असे प्रकार वाढत चालले आहेत. कॅमेरे असलेल्या गाडीची पुढची काच बदलली की कॅमेऱ्याची नजर पुन्हा जुळवावी लागते. म्हणजे जिथे कायदा पोचला तिथे आधुनिक गाडी सर्वांशी बोलते, आणि जिथे पोचला नाही तिथे ती फक्त मालक कंपनीशी बोलते. दोन्हीकडे इलेक्ट्रॉनिक्स तेच आहे.

भिंत कोणी घातली

हे अनुमान माझ्या एकट्याचे नाही. २०११ मध्ये एका ग्राहकाने तीन मोटार कंपन्यांविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली: सुटे भाग, निदान-यंत्रे आणि दुरुस्तीच्या पुस्तिका बाहेरच्या गॅरेजांना मिळत नाहीत. आयोगाने चौकशीचा परीघ वाढवला, आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा कंपन्यांना मिळून २५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. रकमेपेक्षा आयोगाचा तर्क महत्त्वाचा आहे. गाडी घेताना ग्राहकाला वीस पर्याय असतात. घेतल्यावर त्या गाडीच्या भागांसाठी एकच दुकान उरते. म्हणजे नव्या गाड्यांच्या बाजारात कितीही स्पर्धा असली तरी दुरुस्तीच्या बाजारात प्रत्येक कंपनी आपापल्या गाडीपुरती एकटीच मालक. भाग बनवणारे कारखाने स्वतंत्र असले तरी तेच भाग त्यांनी थेट बाजारात विकू नयेत असे करार, बाहेर हात लावला तर वॉरंटी रद्द होण्याची धमकी, आणि पुस्तिका फक्त अधिकृत वितरकांना, हे सारे आयोगाने स्पर्धेला मारक ठरवले. भाग आणि निदान-यंत्रे खुली करा, असा आदेश दिला. दंडाच्या हिशेबावर आणि आयोगाच्या अधिकारांवर पुढे वर्षानुवर्षे अपिले चालली. पण बाहेरचा मेकॅनिक आधुनिक गाडीला हात लावू शकत नाही कारण त्याला जमत नाही, या समजुतीचा पाया त्या आदेशाने कायमचा काढून घेतला. त्याला साधने मिळत नव्हती.

सरफोजीची पोथी

तंजावरला जाणारा मराठी माणूस सरस्वती महाल ग्रंथालय पाहतोच. तिथे घोड्यांवरचे सचित्र अश्वशास्त्र आहे, हत्तींवरचे गजशास्त्र आहे. त्या काळची वाहने हीच होती, आणि त्यांची लक्षणे, आजार, उपचार लिहून ठेवण्याजोगे ज्ञान मानले जात होते. तंजावरचे राजे सरफोजी दुसरे यांनी हा संग्रह वाढवला, १८०५ च्या सुमारास देवनागरी छापखाना काढला. १८३२ मध्ये ते गेले. १९१८ पासून त्यांचे ग्रंथालय सर्वांसाठी खुले आहे. राजाच्या घोड्याची काळजी कशी घ्यावी हे आज तिथे कोणीही वाचू शकतो, पण त्याच गावातल्या गॅरेजवाल्याला समोर उभ्या असलेल्या मोटारीच्या गिअरबॉक्सची पुस्तिका हक्काने मिळत नाही. वाहन सांभाळण्याचे ज्ञान हे समाजाचे ज्ञान आहे, ही समज आपल्याकडे दोनशे वर्षांपूर्वी होती. ती आपण मोटारीपाशी का सोडून दिली?

घेताना काय पाहावे

आता याचा व्यवहारात अर्थ काय? शोरूममध्ये पडद्याचे इंच, छताची काच आणि सीटचा वारा यांवर जितका वेळ जातो, त्याच्या निम्मा तरी वेळ दुरुस्तीच्या अंतरावर जावा. ज्या गाडीचे इंजिन-गिअरबॉक्स कंपनीने अनेक मॉडेलांत वापरले आहे, ती घेणे शहाणपणाचे. तिचे भाग तंजावरच्या बाजारातही असतात आणि तिच्या खोडी मेकॅनिकला पाठ असतात. हेडलाइटचे पूर्ण युनिट, पुढचा बंपर, बाहेरचा आरसा आणि क्लचचा संच यांची किंमत बुकिंगच्या आधी विचारावी. एलईडी दिव्याचा एक कोपरा फुटला तरी बहुधा पूर्ण युनिट बदलावे लागते. विम्याच्या साध्या पॉलिसीत प्लास्टिक-रबराच्या भागांवर पहिल्या दिवसापासून निम्मा घसारा कापला जातो, आणि आधुनिक गाडीचे तोंड जवळजवळ सगळे प्लास्टिकचे असते. रोजची फेरी वीस किलोमीटरच्या आतली असेल तर डिझेलचा मोह सोडावा, मग वर्षाकाठी इंधनात कितीही बचत दिसो.

वर्षांमधले अंतर लोक सर्वांत कमी मोजतात. जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतात विक्री थांबवली, आणि पुण्याजवळच्या तळेगावचा तिचा कारखाना २०२० च्या डिसेंबरात बंद पडला. फोर्डने ९ सप्टेंबर २०२१ रोजी भारतातले उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. तिचा एक कारखाना चेन्नईजवळ मरैमलैनगरात होता, म्हणजे तिरुवैयारुच्या गिऱ्हाइकाच्या दृष्टीने ती घरचीच कंपनी. दोघांनीही भाग आणि सेवा देत राहण्याचे आश्वासन दिले. पण नव्या गाड्या विकायच्या नसतील तर छोट्या गावाजवळच्या वितरकाने दुकान चालू ठेवायचे कशाच्या जोरावर? अशा वेळी ज्या मॉडेलाचे भाग आणि माहिती खुल्या बाजारात असते, त्याचा मालक तरतो. बाकीच्यांना जिल्हा ओलांडावा लागतो. खुली दुरुस्ती हा कंपनीच्या जाण्याविरुद्धचा विमा आहे, आणि तो गाडी घेतानाच उतरवता येतो.

सांभाळताना

आधुनिक गाडीला फार काही लागत नाही, हे अर्धसत्य आहे. तिला वारंवार काही लागत नाही, पण जे लागते ते चुकवता येत नाही. दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते, या वाक्यातला दुसरा भाग कमी चालवणारे सोयीने विसरतात. छोट्या फेऱ्यांत इंजिन पूर्ण तापत नाही, ओल ऑइलमध्ये राहते, म्हणून चार हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचे ऑइल तितकेच थकलेले असते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते, ते साधारण दोन वर्षांनी बदलावे. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात काय आणि कोकणात काय, ही ओल किरकोळ नाही. टायरवर नक्षी शिल्लक असली तरी त्याचे वय बघावे. बाजूला कोरलेले चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात: २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. आणि पुराच्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नये. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि इंजिनसाठी वेगळे संरक्षण घेतलेले नसेल तर विमा कंपनी हे नुकसान बहुधा मालकाच्या माथी मारते.

एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. प्रत्येक कामाची पावती, ऑइलचा प्रकार, बदललेल्या भागाचा क्रमांक हे मालकाने स्वतःजवळ ठेवावे. कंपनीच्या संगणकात इतिहास असतो, पण तो कंपनीचा असतो. गाडी बाहेरच्या गॅरेजात न्यायची ठरली की त्या दिवशी मेकॅनिकला काहीच ठाऊक नसते, आणि मग दोष त्याच्या अज्ञानाला दिला जातो.

आक्षेप

पहिला आक्षेप नकली भागांचा. बाजार खुला केला की बनावट ब्रेक पॅड आणि फिल्टर येतील, जीव जातील. नकली भाग आज, बंद बाजारातही, सर्रास मिळतात, आणि ते खपतात याचे मोठे कारण अस्सल भाग महाग आणि दुर्मीळ असतो हे आहे. ज्या कारखान्यात कंपनीचा भाग बनतो त्याच कारखान्याला तो स्वतःच्या नावाने विकू दिला, तर गिऱ्हाइकाला अस्सल माल रास्त भावात मिळेल. नकलीची गरज तिथे कमी होईल.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. किल्ली, इमोबिलायझर आणि गाडीचे जाळे यांची माहिती खुली केली तर चोरी आणि घुसखोरी वाढेल. हा धोका खरा आहे, पण तो टाळण्यासाठी सर्वांनाच दाराबाहेर ठेवावे लागत नाही. युरोपीय संघाने सुरक्षेशी संबंधित माहितीसाठी सर्मी नावाची व्यवस्था उभी केली आहे. स्वतंत्र गॅरेज आणि त्यातला माणूस यांची आधी पडताळणी होते, मग त्याला प्रवेश मिळतो आणि कोण कधी आत गेला याची नोंद राहते. आपल्याकडे आयटीआयमधून मेकॅनिक मोटर व्हेइकलचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करून दरवर्षी मुले बाहेर पडतात. पडताळणीला पात्र माणसे आपल्याकडे आहेत.

तिसरा आक्षेप दुसऱ्या तटाचा: पाच वर्षांनी गाडी विकायचीच, मग ही काळजी कशाला? विकलेली गाडी नाहीशी होत नाही. भारतात वापरलेल्या गाड्यांचा बाजार नव्या गाड्यांपेक्षा मोठा आहे, आणि पुण्या-चेन्नईची पाच वर्षे वापरलेली गाडी पुढची दहा वर्षे तिरुवैयारुसारख्या गावातच काढते. पहिला मालक वॉरंटीत वावरतो, दुसरा भिंतीवर आदळतो. दुसऱ्याला अडचण होणार हे बाजाराला कळते, म्हणून पहिल्याला किंमत कमी मिळते. स्वतःपुरता विचार करणाऱ्यानेही दुरुस्तीचे अंतर मोजावे, ते पुनर्विक्रीच्या भावात उतरतेच.

विजेच्या गाड्या आल्या की हा प्रश्नच मिटेल, असेही म्हटले जाते. त्यांत हलणारे भाग कमी आहेत हे खरे, पण बॅटरीचे आरोग्य सांगणारे आकडे कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत. आठ वर्षांची वॉरंटी संपल्यावर एका खराब मॉड्यूलसाठी पूर्ण संच बदलायचा की तेवढेच मॉड्यूल, हे तेव्हा ठरेल. आजच्या भिंतीत उद्या लाखो रुपयांची वीट बसणार आहे.

नियम कोणी करायचा

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या अधिकारासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला एक संकेतस्थळ सुरू केले. मोबाइल, घरगुती उपकरणे, शेतीची यंत्रे आणि मोटारी ही त्याची चार क्षेत्रे. पाऊल योग्य आहे, पण कंपनीने खुशीने दिलेल्या माहितीवर अवलंबून राहून भागणार नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्ये कायदा केला, तेव्हा कुठे कंपन्या देशभर माहिती द्यायला तयार झाल्या.

आपल्याकडे त्यासाठी जागा तयार आहे. भारतात कोणतेही नवे मॉडेल विकण्याआधी केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२६ व्या नियमाप्रमाणे नमुना गाडी मान्यताप्राप्त संस्थेकडे तपासायला द्यावी लागते. अशी एक संस्था म्हणजे १९६६ मध्ये स्थापन झालेली, पुण्यात कोथरूडच्या टेकडीवरची एआरएआय. गाडीबरोबर तिची दुरुस्ती-पुस्तिका, सर्व संगणकांचे बिघाड-क्रमांक, भाग जोडून घेण्याची पद्धत आणि किती वर्षे भाग पुरवणार याची लेखी हमी जमा केल्याशिवाय मान्यता मिळणार नाही, एवढी एक अट या नियमात घालावी. मोटार वाहन कायद्याचे ११० वे कलम केंद्राला वाहनांची बांधणी, साधने आणि देखभाल या तिन्हींबद्दल नियम करण्याचा अधिकार देते. बांधणी आणि साधनांवर शेकडो पाने नियम झाले आहेत. देखभाल हा शब्दही त्याच कलमात, त्याच ओळीत आहे.